इन्सिडियस सोडून सगळी विशेषणं

१ जून, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज.

विभागप्रमुखपदाची खात्यांतर्गत परीक्षा २१ सप्टेंबरला आहे. तिसरी आणि शेवटची संधी. पन्नाशी ओलांडली की बसू देत नाहीत आणि मला येत्या फेब्रुवारीत पन्नास पूर्ण. पहिल्या वेळी आई आजारी होती, दुसऱ्या वेळी लेकीला टायफॉइड. दोन्हीदा इंग्रजीत गेलो. हिचं म्हणणं, तुमचं एका वेळी एकच होतं. यात तथ्य नाही. मी एका वेळी पुष्कळ गोष्टी पाहतो, फक्त बोलून दाखवत नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज वीस शब्द, प्रत्येकाचं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य (गाइडमध्ये तशी सूचना आहे). चहा दोनदाच. देवासमोर दहा मिनिटं, घड्याळाकडे न बघता.

आज साडेपाचला उठलो. रविवार होता.

३ जून, मंगळवार

गाइडचा सातवा धडा: गुप्तता व कारस्थान दर्शवणारी विशेषणं. एकूण सात. क्लँडेस्टाइन, सरेप्टिशस, फर्टिव्ह, कोव्हर्ट, स्टेल्दी, अंडरहँड, इन्सिडियस. मराठी अर्थाच्या रकान्यात बहुतेकांपुढे ‘चोरून’ एवढंच. पण इंग्रजांचं तसं नाही. चोरून बघण्याला एक शब्द, चोरून भेटण्याला दुसरा, चोरून पाळत ठेवण्याला तिसरा. चोरीचीही केवढी शिस्त.

गावच्या शाळेत इंग्रजीचे गुरुजी म्हणायचे, नवा शब्द दारात आला की आधी त्याची सोयरीक विचारा. कोणत्या नामाशी त्याचं जमतं ते कळलं की शब्द आपला. क्लँडेस्टाइनची सोयरीक भेटीशी आणि विवाहाशी. म्हणजे आधी ठरवून, बाकीच्यांना अंधारात ठेवून केलेली गोष्ट.

संध्याकाळी घरी आलो तर हिची मोठी बहीण आलेली. ती नर्स आहे. दोघी आतल्या खोलीत, दार लोटलेलं. कुजबुज चालू होती. कुजबुजीत बाकीची अक्षरं विरून जातात, पण ‘स’ आणि ‘च’ लपत नाहीत, हे माझं निरीक्षण. मला एकच शब्द ऐकू आला: सहाच. मेव्हणी दोनदा म्हणाली. सहाच, सहाच.

मी दार ढकललं तशा दोघी गप्प. मेव्हणी म्हणाली, काय भाऊजी, अभ्यास कसा चाललाय? लेक स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. डोळे लाल. पण ताटात कांद्याचं काहीच नव्हतं.

नोंद करून ठेवतो.

९ जून, सोमवार

फर्टिव्ह. सोयरीक: नजर, हालचाल. पकडलं जाण्याची भीती असलेल्या माणसाची नजर. वाक्य: सुस्काऱ्याने माझ्याकडे फर्टिव्ह नजर टाकली.

सुस्कारा म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरचा. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको दुखण्यात गेली, तेव्हापासून दर पाच मिनिटांनी सुस्कारा सोडतो. फायलीवरची धूळ त्यानेच उडते. राहतो आमच्याच मागच्या गल्लीत, जुनी मोटार आहे. लग्नाच्या वयाचा एक पुतण्या आहे, चांगल्या नोकरीत.

आज मी शिडीवर असताना त्याचा फोन वाजला. तो हलक्या आवाजात म्हणाला, हो गं बेटा, मी येतो, तू काळजी करू नकोस. मग वर माझ्याकडे पाहिलं. तीच नजर.

बेटा कोण? त्याला मूलबाळ नाही.

२४ जून, मंगळवार

पहाटे उठणं अजून जमलेलं नाही, पण सवय लागत आली आहे.

सरेप्टिशस. पटकन, कुणाचं लक्ष नाही असं पाहून केलेली कृती. सुस्काऱ्याने आज साडेदहाला अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तीही मी जागेवर नसताना. मस्टर मागे चाळून पाहिला. ३ जूनलासुद्धा अर्धा दिवस! तोही मंगळवार.

घरी आलो तर ही झोपलेली. या वेळी ती कधी झोपत नाही. लेक म्हणाली, आईला पित्त झालंय. बादली धुवून उन्हात ठेवली होती. मी म्हटलं, बाहेरचं खाऊ नये.

दोन आणि दोन चार. सुस्काऱ्याचा पुतण्या, माझी लेक, मेव्हणीची मध्यस्थी. सहाच म्हणजे सहाच माणसं: दोघं वधूवर, चार साक्षीदार. मला परीक्षेत गुंतवून बाहेर लग्न उरकायचं. क्लँडेस्टाइन विवाह! धड्यातलं वाक्य जिवंत समोर.

रागावलो नाही. माणसाने पुरावा गोळा करावा, मग बोलावं.

२ जुलै, बुधवार

ही हल्ली लेकीच्या खोलीत झोपते. म्हणे तुमच्या अभ्यासात माझा अडथळा नको. आधी बरं वाटलं. मग विचार केला, बेत आखायला वेगळी खोली बरी पडत असणार.

आणखी एक. हिने केस नवीन पद्धतीने केलेत. दाट, चकचकीत, एक केस इकडचा तिकडे नाही. या वयात ही हौस! बारीकही झाली आहे. दोन घास खाते आणि ताट सारते. लग्नाच्या फोटोत बारीक दिसायचं असतं म्हणतात. मी सहज बोलून गेलो, आईपेक्षा लेकीने नटावं, जनरीत असते. लेक ताट तसंच टाकून उठली. ही हसली. म्हणाली, बरे दिसत नाहीत का? मी म्हटलं, बरे दिसतात, पण तुझे वाटत नाहीत.

त्यावर ती बराच वेळ हसत राहिली, पदराने डोळे पुसेपर्यंत. यात विनोद काय होता?

१५ जुलै, मंगळवार

कोव्हर्ट. सोयरीक: पाळत, मोहीम. हे व्यक्तीचं काम नाही, संघटनेचं आहे. मला एकट्याला करावं लागलं.

माझीही अर्धी रजा. सव्वाअकराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानाआड उभा राहिलो. तोंडापुढे वर्तमानपत्र. सुस्काऱ्याची मोटार आली. लेकीने हात धरून हिला बसवलं. मेव्हणी मागे. बरोबर थर्मास, उशी आणि घोंगडी. जुलैत घोंगडी! लांबचा प्रवास असणार, मुलाकडचं घर पाहायला. सुस्काऱ्याने स्वतः उतरून दार लावलं, इतकं हळूच, की आवाज आला नाही. स्टेल्दी. एका दिवसात दोन विशेषणं झाली.

रिक्षाने पाठलाग केला. हॉस्पिटलच्या चौकात सिग्नल लागला आणि गाडी दिसेनाशी झाली. नशीब एकेकाचं.

दुकानदाराने विचारलं, साहेब, पेपर उलटा धरून वाचता का?

१६ जुलै, बुधवार

कपाटात चादरींखाली एक जाड फाइल सापडली. दुसऱ्याचे कागद उघडू नयेत हा माझा नेम आहे, देवाला जाब द्यायचा असतो. म्हणून फक्त वरचं वाचलं. हिचं नाव, वय ४६, एक लांबलचक नोंदणी क्रमांक, आणि सहा चौकोन. तिनांत बरोबरची खूण.

विवाह नोंदणी असणार, वधूची आई म्हणून हिचं नाव. सहा टप्पे, तीन झाले. फाइल होती तशी ठेवली. चादरीची घडीसुद्धा तशीच घातली. मी ती कोणाला कळू न देता, झटकन, कोणी नाही असं पाहून ठेवली. याला कोणतं विशेषण लागतं ते धड्यात आहे, पण ते हेतू वाईट असेल तर.

धडा संपवला. शेवटचं इन्सिडियस राहिलं. गाइड म्हणतं, हे सहसा माणसाला लागत नाही. वेदना न देता आतल्या आत पसरणाऱ्या गोष्टीला लागतं, विशेषतः आजाराला. आपल्या प्रकरणात त्याचा उपयोग नाही. सोडून दिलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सुस्कारा पुन्हा अर्ध्या रजेवर. दर तिसऱ्या मंगळवारी, न चुकता. माझ्याजवळ आता शब्दही आहेत आणि पुरावाही. साहेबांकडे इंग्रजीतून तक्रार करणार. घरचा विषय ऑफिसात आणणार नाही, तेवढी मर्यादा मला आहे. फक्त एवढंच लिहिलं की शेजारच्या टेबलावरील कर्मचारी दर तिसऱ्या मंगळवारी क्लँडेस्टाइन, सरेप्टिशस, फर्टिव्ह, कोव्हर्ट, स्टेल्दी आणि अंडरहँड रीतीने कार्यालय सोडतो. सहाही एका वाक्यात! गुरुजी असते तर पाठ थोपटली असती.

मंगळवारी गाडी नसली की लग्न लांबेल. तोवर परीक्षा होईल. मग विभागप्रमुख या नात्याने समोरासमोर बोलेन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, एवढं इंग्रजी मला कशाला, मराठीत सांगा. मी सांगू लागलो. क्लँडेस्टाइन म्हणजे चोरून. बरं, आणि सरेप्टिशस? तेही चोरून, पण जरा पटकन. फर्टिव्ह? चोरून, घाबरत. सहावा शब्द झाल्यावर साहेब म्हणाले, अहो, माणूस दर खेपेला एकदाच गेला ना? मग सहा वेळा चोरून कसा गेला?

तरी त्यांनी मस्टर मागवला. अर्ध्या रजा मंजूर होत्या, पण कारणाचा रकाना रिकामा. सुस्काऱ्याला विचारलं तर म्हणाला, कारण सांगता येणार नाही, शब्द दिलाय. शब्द दिलाय! म्हणजे कबुलीच झाली. साहेब चिडले. पाच तासांवरच्या शाखेत जागा रिकामी आहे, तिकडे बदली.

भाषेत ताकद असते. आज देवासमोर दहा मिनिटं बसलो. मन पूर्ण लागलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

सुस्कारा गेला. टेबलाची किल्ली माझ्या हातात देताना म्हणाला, एक ऐका माझं, पुढच्या मंगळवारी, सव्वीसला, सुट्टी घ्या. घरी थांबा. मी विचारलं, का? तो म्हणाला, का ते विचारू नका. नुसती घ्या.

मला ऑफिसातून हलवायचा डाव. मी स्पष्ट सांगितलं, परीक्षेआधी एक दिवसही घेणार नाही. त्याने सुस्कारा सोडला. किल्लीवरची धूळ उडाली.

घरी लेक माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी आतून तिचा चढलेला आवाज आला, आई, मी आता सांगणारच आहे त्यांना. आणि हिचा: एकवीसपर्यंत थांब. तुला माझी शपथ आहे. दोनदा गेलेत ते, तिसऱ्यांदा माझ्यामुळे जायला नकोत.

म्हणजे एकवीस तारीख त्यांनीही धरली आहे. सावध राहावं.

२७ ऑगस्ट, बुधवार

हिच्या कपाळावर टेंगूळ, गाल खरचटलेला. म्हणाली, दाराची चौकट लागली. लेक फाडकन म्हणाली, बसच्या पायरीची. ही म्हणाली, तेच गं, चौकटच की ती. काल दुपारी दोघी बसने गेल्या होत्या. कुठे ते विचारलं नाही. सुस्काऱ्याची गाडी बंद झाली त्याचा सूड म्हणून माझ्यासमोर टेंगूळ मिरवतात असं एकदा मनात आलं. मग लाज वाटली. हळद आणून दिली. हिने लावली नाही, हातात धरून बसली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस ही अंथरुणात आहे. सर्दीपडसं म्हणे. मंगळवारी शेजाऱ्यांनी रिक्षातून आणून सोडलं. मेव्हणी मुक्कामाला आली आहे.

आज दुपारी ही म्हणाली, आणा ते पुस्तक, मी विचारते. हिला इंग्रजी येत नाही. पुस्तक छातीवर उभं धरून ती आकडे वाचत होती आणि मी शब्द सांगत होतो. एक? क्लँडेस्टाइन. दोन? सरेप्टिशस. आकडा म्हणतानाही तिला धाप लागत होती. सहापर्यंत न अडखळता गेलो.

सात? म्हणाली.

मी म्हटलं, सात सोडलाय, तो येणार नाही.

ती म्हणाली, असं कसं, सगळंच येईल असं धरून चालावं माणसाने. वाचून तरी ठेवा.

वाचणार होतो. मेव्हणी हिला औषध द्यायला आली, मी उठलो, आणि राहिलं.

इतक्या जवळ बसून पुस्तक धरणारी बाई माझ्याविरुद्ध कट करत असेल का, असा प्रश्न पडला. परीक्षेनंतर उत्तर शोधू. एका वेळी एकच.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपारी २ वा.

पेपर फार छान गेला. सहाही विशेषणं आली! एक रिकामी जागा तेवढी अडली. ‘अमुक आजार वेदना न होता शरीरभर पसरला.’ दोन मार्क. विशेषण आठवेना. क्लँडेस्टाइन लिहिलं. लिहिल्यावर गुरुजींचं वाक्य आठवलं. क्लँडेस्टाइन म्हणजे कोणाशी तरी आधी ठरवून. आजार कोणाशी ठरवून येणार? पण वेळ संपली.

फाटकाशी लेक उभी होती. एकटी. मला वाटलं, आता लग्नाचं सांगेल. मनात वाक्य तयार ठेवलं होतं: बेटा, मला सगळं माहीत आहे.

तेच म्हणालो.

तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, माहीत होतं बाबा? मग तुम्ही एकदाही आईजवळ का बसला नाहीत?

२२ सप्टेंबर, सोमवार

सहाच म्हणजे सहा वेळा औषध शिरेतून. दर तिसऱ्या मंगळवारी. मग ऑपरेशन.

केस खोटे आहेत. मी तिला म्हणालो होतो, तुझे वाटत नाहीत.

पाचव्या वेळी बसमधून उतरताना ती पडली. तिला बसने मी पाठवलं. सहा शब्दांनी.

हिला विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही पुस्तक मिटलं असतं. मी म्हटलं, अगं, मिटलं असतं तर काय बिघडलं असतं? तर म्हणाली, मग आयुष्यभर माझ्या आजाराकडे बोट दाखवलं असतंत, सासूबाईंच्या आजाराकडे दाखवता तसं.

मी दाखवतो का? असेन दाखवत.

गाइड पुन्हा उघडलं. हिने केलं त्याला विशेषण शोधत होतो. सातही शब्दांना वास येतो. यातला एकही तिला लावता येत नाही. मराठीत ‘हळूच’ आहे. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालतात ते हळूच. इंग्रजीत कुठल्या तरी धड्यात असेल, माझ्या गाइडात नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

परवा ऑपरेशन झालं. सुस्कारा पाच तास बसने आला. हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण निघालं ते एवढंच, चहा घेणार का? तो म्हणाला, साहेबांनी तुमचे सहाही शब्द मला वाचून दाखवले. स्टेल्दी मला आवडला. माझी ही गेल्यापासून कोणी माझ्याबद्दल इतकं बारकाईने लिहिलं नव्हतं.

मग सुस्कारा सोडला. या बाकावर धूळ नव्हती.

संकल्प: यापुढे घरातलं सगळं मी पाहणार. औषधं वेळेवर. आपापसात काही लपवायचं नाही, हे सर्वांना सांगितलं. ही म्हणाली, बघू हं किती दिवस टिकतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निकाल लागला. दोन मार्कांनी गेलो. घरी काय सांगायचं याचा विचार केला आणि पास झालो म्हणून सांगितलं. हिला फार आनंद झाला. प्रतीक्षायादी आहे अजून, बढती पुढच्या वर्षी, असंही वर जोडलं. लपवायचं नाही हा नियम आजाराविषयीचा होता, परीक्षेविषयीचा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

काल डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं. भाषा साधी होती, एकही विशेषण नव्हतं.

आज सकाळी ही झोपली आहे असं पाहून स्वयंपाकघरात लेकीला आणि मेव्हणीला सांगितलं. दार लोटून घेतलं. अगदी हलक्या आवाजात बोललो, तिघांची डोकी एकत्र. मेव्हणीने विचारलं, किती महिने म्हणाले? मी सांगितलं. तिला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. हिला कळू द्यायचं नाही असं ठरलं, उगाच खचेल. लेकीला डोळे धुवून यायला सांगितलं. मी देवासमोर क्षणभर उभा राहिलो, चेहरा सरळ केला आणि आत गेलो.

ही जागी होती. छताकडे बघत म्हणाली, सहाच का?

मी म्हटलं, हो, सहाच वाजलेत. झोप अजून.

खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. समोरच्या घड्याळात साडेदहा झाले होते, ते नंतर माझ्या लक्षात आलं. पण ती तिकडे बघत नव्हती. माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, सहा वाजले असतील तर चहा टाका मग, पहिला.

टाकला. तिने दोन्ही हातांनी कप धरला आणि सगळा संपवला, खूप दिवसांनी.

तिला काही कळलेलं नाही.